कोयता कमरेला चालतो, मग चाकूवर आक्षेप का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कुडाळच्या आठवडा बाजारात बागायतदार कमरेला उघडा कोयता लावून निर्धास्त फिरतात आणि त्यांना कोणी हटकत नाही, आपल्या मित्राच्या पिशवीत मात्र ऑनलाइन मागवलेला, काळ्या पात्याचा आणि करवती पाठीचा दहा इंची चाकू सापडताच त्याला पोलीस ठाण्यात बसवून ठेवले. तर मग कायदा शस्त्राच्या रूपावर चालतो का?

मी सिंधुदुर्गात फौजदारी वकिली करतो, त्या आधाराने उत्तर देतो. रूप हा कायद्याने लिहून ठेवलेला निकष नाही. परंतु वस्तू कशासाठी घडवली आहे याचा पहिला पुरावा म्हणून रूपच पुढे येते, आणि काही गुन्ह्यांत तर समोरच्या माणसाला काय दिसले यावर शिक्षेचे मान ठरते.

शस्त्र अधिनियम, १९५९ (पोलीस ठाण्याच्या भाषेत हत्यार कायदा) याच्या व्याख्येत हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेल्या वस्तू येतात. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू, उदाहरणार्थ लाठी किंवा साधी हातकाठी, तीतून वगळल्या आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांतील अनुसूचीत तलवार, खंजीर, भाला यांच्यासोबत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकूही धरले आहेत, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेले त्यातून सुटतात. आपल्याकडचे अनेक कोयते हे माप सहज ओलांडतात. ते वगळले जातात ते मापामुळे नव्हे, तर नारळ सोलणे, झावळ्या तोडणे, कुंपणाची काठी तासणे हा त्यांचा उपयोग उघड असल्यामुळे. आपल्या मित्राचा चाकूही रानात लाकूड तोडायलाच घेतलेला असेल, पण माप भरत असल्याने आणि पात्याचे सोंग लढाईचे असल्याने ‘हा कामाचा आहे’ हे पटवण्याचे ओझे व्यवहारात त्याच्यावर येऊन पडले. विक्रेत्याने जाहिरातीत जी वीरश्री ओतलेली असते, तीही अशा वेळी मदत करत नाही.

येथे पोलिसांना सरसकट दोष देणे मला योग्य वाटत नाही, कारण पाहणाऱ्याची नजर सवयीने घडते. आंबा-काजूच्या पट्ट्यात कोयता हा पोशाखाचाच भाग आहे. हाच कोयता पुण्यात रात्रीच्या वेळी तरुणाच्या हातात दिसला की ‘कोयता गँग’ हा वर्तमानपत्री शब्द आठवतो, आणि लोखंड तेच असले तरी पाहणारा दचकतो. उलट, वाढदिवसाचा केक तलवारीने कापल्याची छायाचित्रे पसरली की गुन्हा नोंदवला जातो. ती तलवार बोथट असून केकखेरीज काही कापू शकत नसली, तरी हा बचाव मांडण्याची वेळ बऱ्याच नंतर येते.

इजेच्या गुन्ह्यात मात्र नजर दुसरीकडे वळते. भारतीय न्याय संहितेचे कलम ११८ (पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील ३२४ व ३२६) विचारते की ते साधन शस्त्र म्हणून वापरल्यास मृत्यू घडण्याचा संभव आहे का. तेथे विळी, पहार, दगड कशालाही माफी नाही. मथाई विरुद्ध केरळ राज्य या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक शस्त्र कोणते, हे प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर ठरते असे म्हटले. त्या प्रकरणात साधन होते दगड. म्हणजे बाजारात निरुपद्रवी ठरलेला कोयता बांधावरच्या भांडणात उगारून मारला, की शेतीची सवलत संपते.

दरोड्यात आणि जबरी चोरीत पुन्हा रूपाचे राज्य येते. प्राणघातक शस्त्र ‘वापरले’ तर किमान सात वर्षे शिक्षा आहे, आणि फूलकुमार विरुद्ध दिल्ली प्रशासन या १९७५ च्या निकालानुसार पीडिताला दिसेल व धाक बसेल असा चाकू हातात धरणे म्हणजेच वापर; वार करावा लागत नाही. शस्त्र अधिनियमाचे कलम २८ याहून पुढे जाते: अटक टाळण्यासाठी बंदुकीसारखी दिसणारी नकली वस्तू वापरली तरी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मग तीतून गोळी सुटो वा न सुटो.

खऱ्या बंदुकांच्या बाबतीत आपला कायदा रूपाला फारसा भुलत नाही, हे मला त्याचे बलस्थान वाटते. स्वयंचलित बंदूक कोणती, हे घोडा दाबून धरल्यावर गोळ्या सुटत राहतात का यावर ठरते. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील बारा बोअरच्या बंदुकीचा दस्ता लाकडी असो वा काळ्या प्लॅस्टिकचा, परवान्यात फरक पडत नाही. अमेरिकेत १९९४ च्या संघीय कायद्याने, जो २००४ मध्ये मुदत संपून गेला, घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन बसवण्याची सोय अशी लक्षणे मोजून रायफली बंद केल्या होत्या. त्यामुळे रुगर मिनी-१४ ही रायफल साध्या दस्त्यासह सूट मिळालेल्यांच्या यादीत राहिली आणि घडीच्या दस्त्यासह बंदीत गेली, जरी दोन्हींतून सुटणारी गोळी एकच होती.

आपल्या मित्राने खरेदीची पावती आणि वापराचे कारण सांगणारा साक्षीदार हाताशी ठेवावा. चाकूचे पाते नेमके मोजून पंचनाम्यातील मापाशी ताडून पाहावे. आणि बागायतदारांनीही फार निश्चिंत राहू नये. सणासुदीला व निवडणुकीच्या काळात जिल्हादंडाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जो मनाई आदेश काढतात, त्यात तलवारी-बंदुकांबरोबर काठ्या, सुऱ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरण्यास बंदी घालता येते. शेतीच्या अवजाराची शस्त्र अधिनियमातील सूट त्या आदेशाला आपोआप लागू होत नाही. म्हणून त्या दिवसांत बाजाराला जाताना कोयता बागेतच ठेवावा, किंवा धार लावायला न्यायचाच असेल तर गोणपाटात बांधून न्यावा आणि आदेशातील अपवाद आधी वाचून घ्यावेत.