बऱ्याच दिवसांच्या चॅरिटी सायकल राईडमध्ये मधेच सोडून द्यावंसं वाटलं तर काय करता?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात नऊ दिवसांची राईड आहे, ओळखीच्यांकडून पैसे गोळा करून झालेत आणि आता धाकधूक होतेय की मधेच बसलो तर तोंड कसं दाखवायचं. मी दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात पुणे ते कन्याकुमारी केली, १२ दिवस, आम्ही सहा जण आणि मागे एक टेम्पो, एका वसतिगृहाच्या सोलर हीटरसाठी. मी कोच वगैरे काही नाही, जे झालं ते सांगतो.

एक तर पाय दगा देतील ही भीती काढून टाका. पहिल्या दिवशी खंबाटकी चढताना वाटतं की संपलो आपण, पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत पाय गुमान फिरायला लागतात. खरा त्रास बुडाचा. मी निघायच्या आठवड्यात नवीन सीट बसवून घेतली, हा शुद्ध गाढवपणा, हुबळी येईपर्यंत दोन्हीकडे सोलवटलं होतं आणि खुर्चीत बसायचं म्हटलं तरी विचार करावा लागायचा. जुनीच सीट ठेवा, पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत काही घालू नका, शॉर्ट्स रोज रात्री धुवा आणि निघायच्या आधी क्रीम चोपडा, लाज वाटली तरी. दुसरं म्हणजे हात. हँडलवर एकाच जागी भार टाकून बसलो तर करंगळी बधिर होते, माझी घरी आल्यावरसुद्धा दोन आठवडे बधिर होती, शर्टाचं बटण लावायला बायकोला हाक मारायचो. तेव्हा ग्लोव्हज घाला आणि हात सारखे हलवत राहा.

आता सोडून देण्याबद्दल. माझा तो दिवस सहावा, दावणगेरे ते शिरा. सकाळी दावणगेरेत बेण्णे म्हणजे लोण्याचे डोसे हाणले (तीन, चूक झाली) आणि चित्रदुर्गच्या आसपास डोंगरावर पवनचक्क्या दिसायला लागल्या तेव्हाच कळायला हवं होतं की उगाच नाही लावलेल्या त्या. डिसेंबरात तिकडे वारा पूर्वेकडून आणि रस्ता जातो आग्नेयेला, म्हणजे वारा तोंडावरच. सपाट हायवेवर मीटर ताशी १३ किलोमीटर दाखवत होता, उतारालासुद्धा पेडल मारावं लागत होतं, बाकीचे पुढे गेलेले, आणि हिरियूरच्या पुढे मी सायकल रेलिंगला टेकवली आणि टेम्पोत चढलो. ३१ किलोमीटर टेम्पोत. ड्रायव्हरने मला बघून गाणी बंद केली, ते जास्त लागलं.

त्या रात्री लॉजवर मी बंगलोर-पुणे बसची तिकिटं बघत होतो, खरंच. लोक म्हणतात ज्यांच्यासाठी करतोय ते डोळ्यांसमोर आणायचं. माझ्यापुरतं सांगतो, वाऱ्यात मला वसतिगृहातली एकही मुलगी आठवली नाही, केळं आठवत होतं. सकाळी ग्रुपमधल्या सगळ्यात मोठ्या काकांनी काही भाषण दिलं नाही, एवढंच म्हणाले की तुमकूरच्या पुढे क्यातसंद्राला तट्टे इडली खाऊ, तिथून तुला जायचं तर जा, मी स्वतः बसमध्ये बसवून देतो. मी म्हटलं ठीक आहे, इडलीपर्यंत. बशीएवढी इडली असते ती, मऊ लुसलुशीत, मी चार खाल्ल्या, आणि मग बंगलोर सत्तरच्या आत राहिलं होतं तर आता बस कुठे शोधा. पुढचे सगळे दिवस मी असेच काढले, कन्याकुमारीचा विचारच करायचा नाही, पुढचा चहा कुठे एवढंच बघायचं.

पैसे देणाऱ्यांचं म्हणाल तर टेम्पोत बसलो हे त्यांना त्याच रात्री सरळ मेसेज करून सांगितलं. कोणी काही म्हणालं नाही, उलट दोघांनी जास्त पाठवले. फक्त आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजींनी किलोमीटरला एक रुपया कबूल केला होता, त्यांनी घरी आल्यावर वही काढली, एकूण १५८२, त्यातून टेम्पोचे ३१ वजा, १५५१ मोजून दिले आणि वर म्हणाल्या, बरं झालं, आकडा शकुनाचा आला.

अजून एक राहिलं, चिमटा घ्या. भुवया उपटायचा साधा चिमटा. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांचे तुकडे पडलेले असतात, त्यातली तार केसासारखी बारीक असते, ती आपल्या टायरात घुसते आणि बाहेरून दिसत नाही. बेळगावच्या अलीकडे माझी एकाच तारेने तीन पंक्चर झाली, दर वेळी नवीन ट्यूब टाकायचो आणि दहा मिनिटांत परत फुस्स. शेवटी टायरच्या आतून रुमाल फिरवला तेव्हा कुठे एका जागी धागा अडकला, पण बोटांनी काही ती तार निघेना, शेवटी ढाब्यावरच्या पोराने दातांनी ओढून काढली.