आधी चांदी काढून बघ

तुझ्या क्रिस्टलच्या मेमरी डिव्हाइसबद्दलचा मेल वाचला, आय-व्ही कर्व्ह (कुठल्या व्होल्टेजला किती करंट, तो ग्राफ) पण बघितला. व्होल्टेज वाढवताना-उतरवतानाचा लूप झकास उघडलाय, ऑन (कमी रेझिस्टन्स) आणि ऑफ (जास्त रेझिस्टन्स) मधे दहा हजार पटीचा फरक म्हणजे कुणीही खूश होईल. पण पेपर लिहायला लगेच बसू नकोस.

वरचं इलेक्ट्रोड चांदीचं आहे ना? आणि क्रिस्टल मिथाइलअमोनियम लेड आयोडाइडचा. चांदी आणि आयोडिन शेजारी आले की सिल्व्हर आयोडाइड तयार होतंच, शिवाय व्होल्टेज दिलं की चांदीचे आयन आत घुसून बारीक तारेसारखा फिलामेंट बनवू शकतात, मग स्विच होतंय ते क्रिस्टलमुळे की चांदीमुळे हे तुझा ग्राफ सांगणार कसं? सोन्याचं लावून परत मोज. तरीही स्विच झालं तर आयोडिनच्या रिकाम्या जागा सरकतायत या म्हणण्याला जरा वजन येतं. या जागांवर पॉझिटिव्ह चार्ज असतो, फील्ड दिलं की त्या निगेटिव्ह बाजूला सरकतात. हाच क्रिस्टल वापरणारे सोलर सेलवाले या सरकण्याला वैतागलेत, त्यांचा हिस्टेरेसिस (व्होल्टेज वाढवताना आणि उतरवताना करंट वेगळा येणं) मुख्यतः यातूनच येतो, आणि आपलं पोटपाणी त्यावरच चाललंय!

इलेक्ट्रोड दोन-तीन साइझचे कर. ऑन रेझिस्टन्स एरियाप्रमाणे बदलला नाही तर फिलामेंट समज, बदलला तर इंटरफेसकडे, म्हणजे इलेक्ट्रोड आणि क्रिस्टल जिथे भेटतात तिकडे बघ.

माझी फजिती सांगतो. सुरुवातीला मी एकदा कंप्लायन्स करंट (करंटची कमाल मर्यादा) लावायलाच विसरलो, सेट म्हणजे ऑन होताक्षणी करंट सुसाट गेला, आणि दोन दिवस मी मेमरी किती टिकाऊ म्हणून मिरवत होतो, रिसेट म्हणजे परत ऑफ काही केल्या होईना. मायक्रोस्कोपखाली धरलं तर इलेक्ट्रोडच्या कडेला जळका काळा ठिपका, आजूबाजूला पिवळसर लेड आयोडाइड. मेमरी कसली, सरळ शॉर्ट!

आणि हो, मोजताना मायक्रोस्कोपचा दिवा बंद कर, हा क्रिस्टल उजेडात जास्त कंडक्ट करतो. रिटेन्शन (ऑन-ऑफ किती वेळ टिकतं ते) 85 डिग्रीला घेणार असशील तर 54 च्या आसपास तो टेट्रागोनलचा क्युबिक होतो, म्हणजे अणूंची मांडणीच बदलते, हे डोक्यात ठेव, तिथे तू वेगळीच फेज मोजत असशील.

मेमरिस्टर (आधी किती चार्ज गेला ते लक्षात ठेवणारा रेझिस्टर) हा शब्द टायटलमधे टाकायची घाई पण नको. लिऑन चुआ या इंजिनिअरनी तो 1971 मधे मांडला, 2008 मधे एचपी कंपनीवाल्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडमधे दाखवल्याचा दावा केला, त्यावरही वाद झालेच.

सोन्याचे आकडे आले की पाठव, एकच चांगलं डिव्हाइस नको, बिघडलेली धरून सगळी.