माझा नवरा सिरीयलमधल्या खुन्याची बाजू घेतो

"मॅडम, माणूस टीव्हीतल्या खुन्याची बाजू घेत असंल तर त्याच्या मनात पण तसलं काही असतं का ओ?"

मी समुपदेशक, आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडानं सारखा येतो. कुणाच्या मुलाला सगळ्या वेबसिरीजमध्ये गुन्हेगारच आवडतो, कुणाची आई नवऱ्याला विष देणाऱ्या बाईला "बिच्चारी" म्हणते, कुणाला स्वतःचीच भीती वाटते की मला त्या माणसाची दया का आली, मी वाईट आहे का. आज ज्या घराची गोष्ट सांगतेय त्यांनी लिहायला परवानगी दिलीय, ओळख पटेल असे तपशील मी बदललेत आणि सिरीयलचं नाव मुद्दामच देत नाहीये.

ताई चाळिशीच्या आतल्या, सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारं कुटुंब. नवरा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे लूम बिघडला की तो चालू करून देणारा माणूस. घरात सासूबाई आणि तेरा वर्षांची मुलगी. रोज रात्री जेवताना सगळे मिळून एक क्राइम सिरीयल बघतात. त्यात थोरला भाऊ धाकट्याला वडिलांच्या घरातनं बाहेर काढतो आणि शेवटी धाकटा त्याचा खून करतो. खून कुणी केला हे सगळ्यांना पहिल्या आठवड्यातच कळलेलं, पुढची सगळी सिरीयल त्यानं का केला आणि आता तो सापडणार का यावरच चाललेली. आणि या घरात जेवण बाजूला राहून रोज तासभर कोर्ट भरायचं. सासूबाई म्हणायच्या भावावर हात उचलणारा माणूसच नव्हे, ताई मध्ये कुठंतरी, आणि नवरा एका रात्री एकदम थंड आवाजात म्हणाला, "त्याचं बरोबर होतं. दुसरा रस्ता कुठं ठेवलावता त्याला."

यावर मुलीनं विचारलं, "पप्पा, तुम्ही पण काकांना मारणार का?"

कुणी काही बोललंच नाही. सासूबाई ताट घेऊन आत गेल्या, नवऱ्यानं टीव्ही बंद केला, आणि ताई दोन दिवसांनी माझ्याकडे आल्या.

असं कुणी आलं की मी आधी सरळसोट प्रश्न विचारते, आडपडदा ठेवत नाही. त्यांनी कधी तुमच्यावर, मुलीवर हात उचललाय का? दारू किती? मोठ्या भावाचं नाव घेऊन कधी धमकी दिलीय का, कधी, कुठं, कसं असं काही बोललेत का? घरात एखादं हत्यार वगैरे आणून ठेवलंय का? झोप कशी आहे, जगण्यात काही राम नाही असं म्हणतात का? धोका ओळखायचा तो असल्या गोष्टींवरनं, सिरीयल बघताना कोण कुणाच्या बाजूनं बोललं त्याच्यावरनं नाही. यातल्या एखाद्या प्रश्नाला जरी "हो" आलं असतं तर माझं पुढचं बोलणं पूर्ण वेगळं झालं असतं, आधी ताई आणि मुलगी सुरक्षित कशा राहतील ते बघितलं असतं. तुमच्या घरी उत्तर "हो" असेल तर हा लेख इथंच सोडा आणि 112 ला फोन करा, बायकांसाठी 181 आहे, आणि मन फार अस्वस्थ असेल तर टेलि-मानसचा 14416. ताईंची उत्तरं मात्र सगळी "नाही" होती. फक्त झोपेचं विचारल्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, रात्री उठून दारात बसतात.

इथं माझ्याकडनं एक चूक झाली ती पण सांगते. मला वाटलं लहानपणी काहीतरी मोठं घडलेलं असणार, मारहाण वगैरे, आणि नवरा आल्यावर मी पहिला अर्धा तास तेच उकरत बसले. तो माणूस सुट्टीच्या दिवशी, धुतलेला शर्ट घालून, खुर्चीच्या कडेवर बसलेला, आणि मी त्याला त्याच्या लहानपणात ढकलतेय. त्याचं उत्तर एकच, "नाही मॅडम, तसलं काही नाही, अन्नानं मला कधी मारलेलं नाही." अन्ना म्हणजे थोरला भाऊ. मग मी ते सोडून दिलं आणि विचारलं की सिरीयलमधला कुठला सीन तुमच्या डोक्यातनं जात नाही.

मला वाटलं खुनाचा सांगतील. ते म्हणाले, "खुनाच्या टायमाला मी पाणी प्यायला उठलोवतो, नीट बघितलं पण नाही. ते दारात उभारतो बघा धाकटा, थोरल्याच्या नव्या फ्लॅटच्या दारात, आणि थोरला म्हणतो, 'जेवून आलायस ना?' ते."

मी थोडा वेळ काहीच बोलले नाही. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली. अन्ना पुण्यात असतो, चांगली नोकरी, स्वतःचा फ्लॅट. वडील गेल्यावर पूर्व भागातलं हे जुनं घर दोघांचं. मागच्या दिवाळीला अन्ना फोनवर म्हणाला, घर विकून टाकू, निम्मे-निम्मे घेऊ. वरवर बघता त्यात काही वावगं नाही. पण धाकट्यानं दहावीनंतर शाळा सोडून कारखान्यात काम धरलं ते अन्नाच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी, वडिलांचं आजारपण यांनी काढलं, घराचा पत्रा यांनी बदलला, आणि आता निम्मे-निम्मे. हे ते अन्नाला कधी बोलले नाहीत, बायकोला नाहीत, आईला तर नाहीच नाही. सिरीयलमधल्या धाकट्याच्या तोंडून रोज रात्री एक तास तेवढं बोलून घेत होते.

"मी खुनाची बाजू कुठं घेतली मॅडम, मी त्याचं दुखणं बरोबर म्हणलं."

हे वाक्य मी त्यांच्यासमोर वहीत लिहून घेतलं. कारण आपल्या भाषेत "बरोबर" हा शब्द फार कामं करतो. "त्यानं केलं ते बरोबर" म्हणजे कृत्य मान्य. "त्याचं बरोबर आहे" म्हणजे त्याची तक्रार खरी आहे. जेवता जेवता बोलताना या दोन्हीत फरक राहत नाही, ऐकणाऱ्याला तर अजिबात नाही. "चूक"चं पण तसंच, थोरल्याची चूक आणि धाकट्याचा गुन्हा एकाच शब्दात कोंबले की सासूबाईंना वाटतं हा खुनाला मोकळीक देतोय आणि याला वाटतं आई थोरल्याचा अन्याय झाकतेय, आणि भांडण मिटतच नाही.

कायदा पण हे दोन वेगळे धरतो. माझ्या वडिलांकडनं लहानपणी नानावटी खटल्याची गोष्ट ऐकलेली, ती मी या जोडप्याला सांगितली. 1959 साली मुंबईत नौदलाच्या अधिकाऱ्यानं बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. लोकांची प्रचंड सहानुभूती त्या अधिकाऱ्याला, ज्युरीनं 8 विरुद्ध 1 मतांनी त्याला निर्दोष ठरवलं. हायकोर्टानं ते मानलं नाही, जन्मठेप दिली, आणि 1961 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. अचानक आणि गंभीर चिथावणीमुळं हातून घडलं तर कायदा त्याला सवलत देतो, आजच्या न्याय संहितेतपण ती आहे, पण इथं बायकोनं सांगितल्यापासून गोळी चालेपर्यंत साधारण तीन तास गेले होते, डोकं थंड व्हायला तेवढे पुरे असं कोर्टाचं म्हणणं. म्हणजे कारण समजलं, माणूस समजला, तरी गुन्हा गुन्हाच राहिला. आणि ज्या हजारो लोकांना त्याची दया आली ते काही बंदुका घेऊन निघाले नाहीत. हे ऐकून ताईंचा चेहरा जरा सैल झाला.

आता दया येते कशी, ते पण बघू, कारण इथंच लोकांना स्वतःची भीती वाटते. 1944 मध्ये हायडर आणि सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म केली, त्यात फक्त दोन त्रिकोण आणि एक गोल एका चौकोनाच्या आतबाहेर सरकतात. बघणाऱ्यांना विचारलं काय दिसलं, तर जवळजवळ सगळ्यांनी गोष्टच सांगितली, मोठा त्रिकोण दादागिरी करतो, छोटा भांडतो, गोल घाबरलाय. कागदाच्या तुकड्यांना पण आपण हेतू चिकटवतो, तर मग रोज रात्री घरात येऊन रडणाऱ्या माणसाला का नाही चिकटवणार.

दुसरी गोष्ट, दुसऱ्याच्या चुकीला आपण त्याचा स्वभाव जबाबदार धरतो आणि स्वतःच्या चुकीला परिस्थिती. शेजारी उशिरा आला तर बेफिकीर, मी उशिरा आले तर सात रस्त्याला ट्रॅफिक होतं. ली रॉस या मानसशास्त्रज्ञानं 1977 मध्ये दुसऱ्याला मोजण्यातल्या या चुकीला नाव दिलं. आणि सिरीयल काय करते, तर गुन्हेगाराला आतनं दाखवते. त्याची खोली, त्याची आई, त्याचं रात्रीचं जागरण. म्हणजे जी सवलत आपण फक्त स्वतःला देतो ती आपण त्याला देऊन बसतो. मेलेला माणूस मात्र बाहेरनंच दिसतो, दोन सीनमध्ये, त्यातपण वाईट वागताना. कॅमेरा थोरल्याच्या घरात राहायला गेला असता तर सगळे त्याच्यासाठी रडले असते. यात बघणाऱ्याचा काही दोष नाही, पण कॅमेरा कुणाच्या घरात ठेवलाय एवढं भान असावं असं मला मनापासून वाटतं, कारण सिरीयल संपल्यावर तीच सवय आपण शेजाऱ्यावर, सुनेवर, बातमीतल्या आरोपीवर वापरतो.

पुढच्या वेळी मी सासूबाईंनापण बोलावलं. त्यांना आणि त्यांच्या मुलाला एकच काम दिलं, आठवडाभर सिरीयल बघा, पण रोज दहा मिनिटं समोरच्या पात्राकडनं बोलायचं. मुलानं थोरल्याकडनं, सासूबाईंनी धाकट्याकडनं. मुलानं केलं, अवघड गेलं पण केलं. थोरल्याकडनं बोलताना म्हणे एकदा त्यांच्या तोंडून निघालं, "मला कुणी सांगितलंच नाही तर मला कळणार कसं," आणि स्वतःच थांबले. सासूबाईंनी चार दिवस चक्क नकार दिला. "मी खुन्याकडनं बोलणार नाही, सिद्धेश्वराची शपथ." पाचव्या दिवशी भाकरी मोडता मोडता एकच वाक्य म्हणाल्या, "धाकट्याला कुणी इचारलंच नाही." तेवढंच. त्यानंतर त्या रात्री कुणी टीव्ही लावला नाही, असं ताई सांगत होत्या.

मुलीचं राहिलंच. तिच्या प्रश्नाला घरात सगळ्यांनी "काहीतरीच काय विचारतीस" म्हणून गप्प केलं होतं, हे मला सगळ्यात जास्त लागलं. मुलं असं विचारतात तेव्हा त्यांना खरंच माहिती हवी असते, मी सुरक्षित आहे का, माझा बाप तसा आहे का. मी वडिलांना म्हटलं, तुम्ही स्वतः सांगा, थोडक्यात, खरं सांगा. त्यांनी तिला स्कूटरवर बसवून सिद्धेश्वर तलावाकडं नेलं आणि सांगितलं, "मी काकावर चिडलोय, लई चिडलोय, पण मारणार नाही, मी त्याच्याशी बोलणार आहे." पोरीनं लगेच विचारलं, "कधी?" यावर त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. माझ्यामते त्या एका "कधी"नं माझ्या चार सेशनपेक्षा जास्त काम केलं.

अन्ना जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला आला, दरवर्षी येतो, नंदीध्वज बघायला आणि अक्षता सोहळ्याला. आम्ही आधी दोन वेळा बसून काय बोलायचं त्याची तयारी केली होती, म्हणजे घराच्या किमतीचा विषय आधी काढायचा नाही, "तू नेहमी असंच करतोस" असलं वाक्य नको, एकच गोष्ट विचारायची. रात्री सगळे गच्चीवर बसलेले, आणि यांनी विचारलं, "अन्ना, मी दहावीनंतर शाळा का सोडली, तुला माहितीय का?"

अन्ना म्हणाला, "तुला शिकायचंच नव्हतं की. आप्पा तसंच म्हणायचे, याचं अभ्यासात लक्ष नाही, हा कारखान्यातच रमतो."

एवढी वर्षं थोरला तेवढंच धरून बसलेला. धाकट्याला वाटत होतं की याला सगळं माहितीय आणि तरी हा निम्मे-निम्मे म्हणतो, म्हणजे हा निर्दयी. थोरल्याला वाटत होतं की हा आळशी होता, मी शिकलो म्हणून माझ्यावर जळतो. दोघंपण एकमेकांना बाहेरनंच बघत होते.

घराचं अजून ठरलेलं नाही. अन्नानं विकायचं सध्या थांबवलंय, पण नको म्हटलेलं नाही, त्याला पण मुलाच्या शिक्षणाला पैसे लागणार आहेत आणि ते कारण खोटं नाही. एक वकील बघायचं चाललंय, वाटणी करताना आजारपणाचा, डागडुजीचा खर्च कसा धरायचा ते विचारायला. ताईंचा नवरा अजून रात्री दारात बसतो, रोज नाही, कधीकधी. ताई परवा फोनवर सांगत होत्या, आता त्या पण उठून शेजारी जाऊन बसतात. सासूबाई अजूनपण थोरल्याच्याच बाजूनं बोलतात, पण आता नाव घेऊन बोलतात, अन्नाचं.