बहिणीचं हिमोग्लोबिन 8 असताना पाळीचा रक्तस्राव कमी करायच्या गोळीने रक्त वाढेल का?

नाही. इंदूरच्या डॉक्टरांनी तुमच्या बहिणीला दिलेल्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं काम वेगळं आहे. जखमेवर धरलेली गुठळी शरीर स्वतःच विरघळवत असतं, ते हे औषध रोखतं. पाळीच्या दिवसांतच घ्यायचं. स्राव बराच उतरतो.

पण ॲनिमिया, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असणं, स्वतःही रक्तस्राव वाढवतो, हे फार कमी जण सांगतात. वाहत्या रक्तात तांबड्या पेशी मधोमध धावतात आणि प्लेटलेट्सना, म्हणजे गुठळी धरणाऱ्या कणांना, कडेला, रक्तवाहिनीच्या भिंतीकडे ढकलतात. पेशीच कमी, तर प्लेटलेट्स जखमेपाशी नीट पोचत नाहीत. म्हणून तांबड्या पेशी वाढवायला लोह हवंच. 2023 च्या वुमन-2 या वैद्यकीय चाचणीत ॲनिमिया असलेल्या बाळंतिणींना ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आधीच देऊन पाहिलं, तरी अतिरक्तस्राव टळला नाही.

लोह अंगी लागावं म्हणून सकाळी पोह्यांवर लिंबू भरपूर पिळू दे, पण लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. आपल्याकडे नेमकं तेच होतं. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा. तासातासाला पॅड बदलावं लागलं किंवा चक्कर आली, तर थेट दवाखाना गाठा.