सोलापुरात चादर-टॉवेलच्या मालासाठी मारुतीची इको कार्गो व्हॅन घ्यावी, पाच सीटर घ्यावी, की इलेक्ट्रिकसाठी थांबावं?

तुम्ही लिहिलंय की घरचे माग आहेत, आठवड्यातून चार-पाच दिवस माल ट्रान्सपोर्टला टाकायचा असतो आणि रविवारी घरच्यांना अक्कलकोट-तुळजापूरला न्यायचं असतं. परदेशात एकाच छोट्या व्हॅनचे माल, प्रवासी आणि इलेक्ट्रिक असे तिन्ही प्रकार मिळतात, मग आपण काय घ्यावं, असा तुमचा प्रश्न आहे. मी अकरा वर्षं सोलापूरच्या पूर्वभागातून माल वाहतोय. आधी ओम्नी होती, मग पाच सीटर इको, आता इको कार्गो. रोजचा माल असेल तर सीएनजीवरची कार्गोच घ्या. पाच सीटर घेऊन मागची सीट काढायची आणि गठ्ठे भरायचे, असं मनात असेल तर तो विचार आजच सोडा.

कारण मी तेच केलं होतं. खाजगी गाडीची पांढरी पाटी, पासिंगची म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीची कटकट नाही, रविवारी सीट परत बसवली की घरची गाडी. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एका पावसाळी संध्याकाळी अक्कलकोट रोडवर पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला आणि माझी गाडी त्याच्या मागच्या फळीत घुसली. माणसं वाचली, समोरचा भाग गेला. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने फोटो काढले, आणि एका फोटोत मागे टॉवेलचे सहा गठ्ठे स्पष्ट दिसत होते. खाजगी गाडीच्या पॉलिसीत लिहिलेलं असतं की नमुने सोडून धंद्याचा माल वाहायला गाडी वापरता येणार नाही. क्लेम नाकारला. ३८ हजार खिशातून गेले. त्याहून जास्त मला आजही आठवतो तो माझ्या सीटच्या पाठीवर येऊन आदळलेला गठ्ठा. पंचेचाळीस किलोचा. मधे जाळी नव्हती. तुम्ही कार्गो घ्याल तेव्हा सीटमागे मजबूत जाळी आहे का ते आधी बघा. नसेल तर पहिला गठ्ठा चढवायच्या आत बसवून घ्या.

कार्गोच्या कागदांना लोक उगाच घाबरतात. धंद्याच्या गाडीची पिवळी पाटी असली तरी एकूण वजन ३,००० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. पासिंग पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दर वर्षी. साध्या एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाच्या) लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय.

किती माल भरायचा हे डोळ्यांनी ठरवू नका. आरसीवर एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन दोन्ही असतं. वजा करा, त्यातून चालवणारा आणि हमाल वजा करा, उरलं ते तुमचं. टॉवेलमध्ये गाडी आधी भरते, चादरीत वजन आधी भरतं, आणि तिथेच माणूस फसतो, कारण मागे अर्धी जागा रिकामी दिसत असते. आमच्या भागातल्या बोळात सरकता दरवाजा फार कामाचा. भिंतीला चिकटून गाडी लावली तरी कारखान्याच्या उंबऱ्यावरून गठ्ठा थेट आत जातो. मागचं दार मात्र वर उघडतं, तेव्हा पत्र्याची पडवी खाली असेल तर आधी उंची मोजा.

एक त्रास सांगून ठेवतो. इकोचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. सोलापूरचा मे महिना तुम्हाला वेगळा सांगायला नको. दुपारी दोनला सिग्नलला उभं राहिलं की खालून पाठ भाजते. सीएनजीला कंपनी प्रवासी इकोसाठी किलोला २६.७८ किलोमीटर सांगते. मला कार्गोत माल भरून, थांबत-थांबत २१-२२ मिळतात.

प्रवासी इकोबद्दल थोडक्यात: पाच सीटर आहे, आणि आधीच्या सात सीटरच्या जागी आता सहा सीटर आलीय. सीएनजीच्या पाच सीटरमध्ये टाकी मागच्या सीटच्या पाठीमागे बसते, म्हणजे सामानाची जागा गेलीच. कार्गोत मागे माणसं कधीही बसवू नका, लहान मुलं तर नकोच. तुळजापूर ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४०. आम्ही एसटीने जातो किंवा गाडी सांगतो. आई अजून म्हणते, "दारात गाडी असून एसटी कशाला?" तिला तो गठ्ठा मी कधी सांगितला नाही.

आता इलेक्ट्रिक. तुम्ही म्हणता तशी गाडी म्हणजे रेनोची कांगू. १९९७ पासून ती बंद व्हॅन आणि प्रवासी अशा दोन्ही रूपांत आहे, आणि २०११ मध्ये तिची इलेक्ट्रिक व्हॅन आली. बॅटरी फरशीखाली बसवल्यामुळे मालाची जागा डिझेलइतकीच राहिली. खरी हुशारी ती. आपल्याकडे मारुतीने २०१० च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये इको चार्ज नावाची इलेक्ट्रिक इको दाखवली होती, पण ती विक्रीला आली नाही. तिच्यासाठी थांबण्यात मला अर्थ दिसत नाही. तिन्ही रूपं एका घरात बघायची तर टाटाकडे जा: २००५ ची मालवाहू एस (Ace), २००७ ची प्रवासी मॅजिक, २०२२ ची इलेक्ट्रिक एस ईव्ही. एस ईव्हीची बॅटरी २१.३ युनिटची, कंपनीचा आकडा १५४ किलोमीटर, माल ६०० किलो. आमच्या गल्लीत एकाकडे आहे, त्याला भरल्या गाडीत शंभराच्या आसपास मिळतात. हिरवी पाटी, परमिट नाही, सीटखाली भट्टी नाही. पण ती छोटा ट्रक आहे. पावसात टॉवेल भिजू द्यायचे नसतील तर मागे बंद बॉडीच घ्यावी लागेल.

म्हणून आठ दिवस वहीत रोजचे किलोमीटर लिहा. सत्तरच्या आत येत असतील आणि रात्री कारखान्यातच चार्जिंगला लावता येत असेल, तर एस ईव्हीची ट्रायल घ्या. नाहीतर इको कार्गो. ट्रायल कुठलीही असो, रिकामी घेऊ नका. तुमचे दहा गठ्ठे भरा, नेहमीच्या हमालाला शेजारी बसवा आणि भर दुपारी एमआयडीसीपर्यंत जाऊन या.