वाचकांचे प्रश्न: भागाकाराने हायड्रोजन कळत नाही

प्रश्न: आम्ही बोईसरला राहतो. मुलगा एम.टेक.ला अणुभट्टीच्या कंटेनमेंटमधल्या, म्हणजे भट्टीभोवतीच्या जाड भिंतींच्या बंद बिल्डिंगमधल्या, हायड्रोजनचं मॉडेलिंग करतोय. गॅस किती सुटला आणि बिल्डिंग केवढी, भागाकार केला की टक्के निघाले ना? मग त्यासाठी वर्षभर कॉम्प्युटरसमोर कशाला बसायचं?

उत्तर: भागाकाराने सरासरी निघते हो, पण आग सरासरी बघून लागत नाही, गॅस जिथे साठलाय तिथे लागते. आधी हा हायड्रोजन येतो कुठून ते बघा. इंधनाच्या गोळ्या झिर्कोनियमच्या नळ्यांत असतात, थंड करणारं पाणी गेलं आणि नळ्या साधारण 1200 डिग्रीच्या वर तापल्या की झिर्कोनियम वाफेतला ऑक्सिजन झपाट्याने ओढून घेतं आणि हायड्रोजन मोकळा होतो, वर त्यातून आणखी उष्णता निघते म्हणून ते वाढतच जातं. हवेत 4 टक्क्यांच्या पुढे हायड्रोजन गेला की तो पेटू शकतो, पण सोबत साधारण 55 टक्क्यांपेक्षा जास्त वाफ असेल तर पेटत नाही.

आणि सगळा घोळ इथेच आहे. समजा 60 टक्के वाफ, 8 टक्के हायड्रोजन, बाकी हवा. पेटणार नाही. आता प्रेशर उतरवायला म्हणून वरून पाण्याचा स्प्रे सोडला, वाफेचं पाणी झालं आणि ती 20 टक्क्यांवर आली, तर हायड्रोजन एक ग्रॅमही न वाढता 16 टक्के होतो! म्हणजे मीटरवर प्रेशर उतरताना दिसतंय आणि आत मिश्रण पेटायच्या लायकीचं झालंय. शिवाय घरचा सिलिंडरचा गॅस गळला तर खाली जमिनीलगत बसतो, हायड्रोजन याच्या बरोबर उलटा, तो वर घुमटाकडे जातो आणि तिथे थर करून राहू शकतो. म्हणून भिंती किती गार, खोल्यांना दारं कुठे, स्प्रेचे थेंब केवढे, हे सगळं मॉडेलमध्ये घालावं लागतं.

मॉडेल बरोबर आहे का ते तपासायला मोठमोठ्या टाक्यांत प्रयोग होतात, फ्रान्समध्ये टॉस्कान आणि मिस्त्रा, जर्मनीत थाई, आणि बऱ्याचदा हायड्रोजनऐवजी हेलियम सोडतात कारण तो हलका असतो आणि पेटत नाही. आणि लांब कशाला, तुमच्या तारापूरलाच एनपीसीआयएलची, म्हणजे अणुवीज केंद्रं चालवणाऱ्या सरकारी कंपनीची, हायड्रोजन रिकॉम्बायनर तपासायची टेस्ट फॅसिलिटी आहे.

प्रश्न: हे रिकॉम्बायनर म्हणजे काय? लाइट गेली तर चालतात का?

उत्तर: चालतात, त्यांना लाइट लागतच नाही. पेटीत प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा थर दिलेल्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन वाफ होते, त्या उष्णतेने गरम हवा वर जाते आणि खालून नवीन ओढली जाते. पण काम हळू चालतं, गॅस भसकन सुटला तर ते पुरे पडत नाहीत, आणि हायड्रोजन खूप वाढला तर तापलेल्या पट्ट्याच ठिणगीचं काम करू शकतात. त्यामुळे पेट्या किती आणि कुठे लावायच्या हे मॉडेलवरूनच ठरवायचं, अंदाजाने लावणं मला अजिबात पटत नाही.

प्रश्न: मग जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात कंटेनमेंट फुटलं कसं?

उत्तर: 12 मार्च 2011 ला युनिट 1 मध्ये आणि 14 तारखेला युनिट 3 मध्ये स्फोट झाले ते कंटेनमेंटच्या आत झाले नाहीत. आत नायट्रोजन भरलेला होता, त्यामुळे पेटायला ऑक्सिजनच नव्हता. हायड्रोजन गळून बाहेरच्या रिॲक्टर बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर जमला, तिथे साधी हवा होती. 15 तारखेला युनिट 4 ची बिल्डिंग उडाली, आणि त्या रिॲक्टरमध्ये तर इंधनच नव्हतं, सगळं बाजूला इंधन ठेवायच्या पाण्याच्या टाकीत होतं, म्हणून आधी संशय त्या टाकीवर गेला. पण तिथलं इंधन पाण्याखालीच निघालं. नंतर युनिट 4 च्या एक्झॉस्टचे फिल्टर मोजले तेव्हा चिमणीकडच्या फिल्टरवर रेडिएशन जास्त आणि आतल्या बाजूला कमी निघालं, म्हणजे गॅस उलटा, बाहेरून आत आला होता. युनिट 3 आणि 4 चे पाइप एकाच चिमणीला जोडलेले, त्यामुळे युनिट 3 मधून सोडलेला हायड्रोजन शेजारी शिरला. एका युनिटचं मॉडेल करताना शेजारच्या युनिटचा पाइप वगळला तर हा स्फोट त्यात दिसणारच नाही.