श्रीलंकेहून टेबलक्लॉथ आणताना: टेबल घरी मोजा, पन्हा दुकानात

आपण विचारले आहे की डिसेंबरात आठवडाभर कोलंबो, कँडी आणि गॉल असा प्रवास ठरला आहे, घरी सहा जणांचे नवे जेवणाचे टेबल आले आहे आणि त्याचे टेबलक्लॉथ, मॅट व नॅपकिन श्रीलंकेहूनच आणावेत असे मनात आहे. शिवाय विहीणबाईंना द्यायला काहीतरी हवे आहे. तर काय घ्यावे, कुठे घ्यावे आणि मुंबईच्या हवेत ते टिकेल का, असा आपला प्रश्न आहे. मी त्या बेटावर तीन वेळा जाऊन आले आहे आणि पहिल्या खेपेला करण्यासारख्या बहुतेक सगळ्या चुका केल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे मत आधीच सांगून टाकते. संपूर्ण टेबल झाकणारे मोठे कापड तिथून आणू नका. ते साधे, पांढरे किंवा फिकट रंगाचे, आपल्या मंगलदास मार्केटमधून मापाप्रमाणे कापून घ्या आणि ओळखीच्या शिंप्याकडून कडा शिवून घ्या. श्रीलंकेहून आणायचे ते रनर (टेबलाच्या मधोमध लांबीला अंथरायची अरुंद पट्टी), मॅट, नॅपकिन आणि हाताने विणलेली लेस. याचे कारण हौसेत किंवा किमतीत नसून पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत आहे.

हातमागावर विणकर बसतो तेव्हा आडवा धागा नेणारा धोटा एका हातून दुसऱ्या हाताकडे जाईल इतकीच कापडाची रुंदी सहज निघते. त्यामुळे हातमागाच्या कापडाचा पन्हा बहुतेक वेळा ३६ ते ४८ इंचांच्या आसपास असतो. आता आपले टेबल सहा फूट बाय तीन फूट, म्हणजे ७२ बाय ३६ इंच आहे असे धरू. चारही बाजूंनी नऊ इंच कापड खाली लोंबावे असे वाटत असेल, तर ९० बाय ५४ इंचांचा तुकडा लागतो. ५४ इंच पन्ह्याचे खरे हातमागाचे कापड सहज मिळत नाही, त्यामुळे मोठे टेबलक्लॉथ एकतर रुंद यंत्रमागावरचे असते किंवा दोन पट्टे जोडून केलेले असते. दोन पट्ट्यांचा जोड बरोबर टेबलाच्या मध्यावर येतो आणि आमटीचे भांडे नेमके त्या शिवणीवर डुगडुगते. जोड असलेलेच घ्यायचे असेल तर मधला पट्टा अखंड आणि दोन्ही कडांना अरुंद पट्टे असे तीन भागांत जोडलेले पाहा, म्हणजे शिवणी टेबलाच्या कडेबाहेर लोंबत्या भागात जातात. रनर आणि मॅट यांना मात्र हातमागाचा पन्हा पुरून उरतो, आणि तिथल्या विणकरांचे कसबही त्यांतच नीट दिसते.

माझ्या पहिल्या खेपेची गोष्ट सांगते. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका दुकानात निळ्या-हिरव्या पट्ट्यांचे ६० इंच चौरस टेबलक्लॉथ टांगलेले होते, मागे खरा समुद्र होता, आणि मी टेबलाचे माप न घेता गेले होते. ‘साधारण येईल’ असे म्हणून घेतले. घरी अंथरले तर लांबीच्या दोन्ही टोकांना सहा-सहा इंच लाकूड उघडे आणि रुंदीला फूट-फूट कापड जेवणाऱ्यांच्या मांडीवर. धुवायच्या आधी शिवणीत दडलेली चिठ्ठी उलटून पाहिली, तर कापड भारतात तयार झालेले होते. तमिळनाडूतील करूर हे निर्यातीसाठी टेबलावरची आणि स्वयंपाकघरातली कापडे करणारे मोठे केंद्र आहे, त्यामुळे परदेशी दुकानात आपलेच कापड भेटणे यात नवल काही नाही. माझी तक्रार एवढीच की ते मी तिथल्या दराने घेऊन, विमानाने मिरवत, पुन्हा भारतात आणले. आता ते माझ्या शिलाई मशीनवर पांघरलेले असते.

तेव्हा निघण्यापूर्वी टेबलाची लांबी, रुंदी आणि जमिनीपासूनची उंची इंचांत व सेंटिमीटरमध्ये अशी दोन्ही लिहून मोबाईलमध्ये ठेवा आणि शिंप्याचा फीत-टेप पर्समध्ये टाका. दुकानातील लेबलावरच्या मापावर विसंबू नका, स्वतः मोजा. न धुतलेले सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटते, म्हणजे ९० इंचांच्या लांबीत चार इंच सहज जातात. मॅट घेताना आपले स्टीलचे ताट डोळ्यांसमोर आणा. ३० बाय ४५ सेंटिमीटरच्या मॅटवर बारा इंची ताट बसते आणि शेजारी पाण्याचे भांडे ठेवायला जेमतेम जागा उरते. त्याहून लहान मॅट चहा-बिस्किटांपुरती.

हातमागाचे कापड ओळखायला मला वडिलांनी शिकवले. त्यांची सारी नोकरी परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात गेली, आणि १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली तरी कापड हातात आले की त्यांचा अंगठा आपोआप काठावरून फिरायचा. मागावर कापड ताणून धरण्यासाठी दोन्ही काठांना टोकदार पट्टी लावतात, तिच्या बारीक छिद्रांच्या खुणा काठावर राहतात. त्या डोळ्यांना दिसल्या नाहीत तरी बोटाला जाणवतात. मग कापड उजेडासमोर धरायचे. हातमागावर आडवा धागा दर वेळी अगदी सारख्या जोराने ठोकला जात नाही, म्हणून कुठे किंचित दाट, कुठे किंचित विरळ पट्टे दिसतात. सगळीकडे आखल्यासारखी एकसारखी वीण असेल आणि दुकानदार हातमागाचे म्हणत असेल, तर हसून पुढे जावे.

कोलंबोत गॉल रोडवर ‘बेअरफूट’ आहे. चित्रकार बार्बरा सान्सोनी (१९२८–२०२२) यांनी उभारलेल्या या दुकानात हातमागाचे कापड मीटरवरही मिळते आणि मॅट, नॅपकिन, रनर तयारही मिळतात. गडद गुलाबी, नारिंगी, मोरपिशी असे रंग शेजारी-शेजारी ठेवण्याची त्यांची धिटाई पाहण्यासारखी आहे. दर ठरलेले आहेत आणि स्वस्त नाहीत. गॉलच्या किल्ल्यातही त्यांचे दुकान आहे, म्हणून पहिल्याच दिवशी कोलंबोत पिशव्या भरू नयेत. तेथे फक्त पाहावे, मोजावे, रंगांचे फोटो काढावेत आणि परतीच्या टप्प्यावर घ्यावे. ‘लक्सला’ ही सरकारी हस्तकलेची दुकाने आहेत. तेथे घासाघीस नसते आणि वेगवेगळ्या कारागिरीचे दर एका जागी कळतात. रिक्षावाला, ज्याला तिकडे टुकटुकवाला म्हणतात, आपणहून ‘कारखाना दाखवतो’ म्हणाला तर त्याचे कमिशन आपल्या बिलात बसलेले असते एवढे लक्षात ठेवावे. आणि तिथलाही रुपयाच असल्यामुळे किंमत ऐकून छातीत धस्स होते. आधी शांतपणे भागाकार करावा.

नॅपकिन घेताना दुकानातच एक परीक्षा करता येते. पाण्याच्या बाटलीतला एक थेंब कापडावर सोडा. थेंब मोत्यासारखा घरंगळला तर कापडावर खळ किंवा रासायनिक लेप जास्त आहे, किंवा धाग्यात पॉलिस्टर आहे. लगेच पसरला तर हात पुसायला ते कापड उपयोगी. ओला पांढरा रुमाल गडद रंगावर घासून पाहायलाही विसरू नका, विशेषतः बाटिक घेताना. मेण लावून, रंगात बुडवून, मग मेण उकळून काढलेल्या खऱ्या बाटिकचा रंग दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच उतरतो आणि मेण तडकलेल्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. छापलेल्या नकलेची मागची बाजू फिकट असते आणि रेघाही ठराविक अंतराने पुन्हा त्याच येतात. श्रीलंकेत बाटिकला मान मिळवून देणाऱ्या एना डी सिल्व्हा यांनी बेंटोटातील एका हॉटेलच्या छतासाठी केलेले काम प्रसिद्ध आहे, आणि मला विचाराल तर बाटिकची जागा छतावर किंवा भिंतीवरच. जेवणाच्या टेबलावर आठवड्यातून दोनदा धुण्याचे ते कापड नव्हे. बाटिकचाच मोह झाला तर एक रनर घ्या आणि पहिली तीन धुणी वेगळी काढा. मी हे न केल्यामुळे माझे सहा पांढरे नॅपकिन कायमचे गुलाबी झाले.

कँडीला जाणार आहात, तर दुंबरा विणकाम अवश्य पाहा. कँडीजवळ हेनवला नावाचे गाव आहे. तेथे घायपातासारख्या पानांतून काढलेला धागा रंगवून जमिनीलगतच्या मागावर विणतात आणि त्यावर हत्ती, हरीण, पक्षी यांच्या कोनाकोनांच्या आकृत्या उठवतात. युनेस्कोने २०२१ साली ही कला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्याचे रनर ताठ बसतात, सुरकुतत नाहीत आणि काळसर लाकडावर फार शोभतात. मात्र आपण रसभाजीवाले लोक आहोत, आणि त्या धाग्यात एकदा सार मुरले की निघत नाही. रनर म्हणून, मधोमध फुलदाणीखाली, हे उत्तम आहे. ताटाखालची मॅट म्हणून घेऊ नका.

विहीणबाईंसाठी मात्र मी गॉलपर्यंत थांबेन. गॉलचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला आणि १६४० नंतर डचांनी त्याला आजचे रूप दिले. त्या किनाऱ्यावर गॉलपासून वेलिगमपर्यंत बीरालु लेस विणणाऱ्या बायका आहेत. मी ज्यांच्यापुढे बसले त्या आजींच्या समोर लोडासारखी घट्ट गोल उशी होती, तिच्यावर टोचून भोके पाडलेला नक्षीचा कागद गुंडाळला होता, आणि भोकांत टाचण्या रोवलेल्या होत्या. प्रत्येक धाग्याच्या टोकाला बोटाएवढी लाकडी कांडी. आजींचे डोळे माझ्याकडे आणि बोटे कांड्यांकडे. दोन इकडून तिकडे, दोन तिकडून इकडे, एक टाचणी उपटून पुढच्या भोकात. कांड्या एकमेकींवर आपटण्याचा आवाज चाळीच्या गॅलरीत कवड्या खेळतात तसा येत होता. मी अर्धा तास बसले तेवढ्यात लेस माझ्या करंगळीच्या पेराएवढीही पुढे सरकली नाही. त्यानंतर दराविषयी घासाघीस करायला माझे तोंड उघडले नाही.

यंत्रावरची लेस हाताची म्हणून विकणारे तेथेही आहेत. ओळखण्याची सोपी जागा म्हणजे कोपरा. हाताने विणताना नक्षी कोपऱ्यावर वळवतात, त्यामुळे फूल किंवा वेल तुटत नाही. यंत्राची लेस सरळ पट्टीची असते, म्हणून ती कोपऱ्यावर चुण्या घालून किंवा कापून जोडावी लागते. चार कोपरे नीट पाहिले की पुढे विचारायची गरज उरत नाही. विहीणबाईंना कडेने बीरालु लेस लावलेला ट्रेचा रुमाल किंवा सहा लहान नॅपकिन द्या. मोठ्या टेबलक्लॉथला लागेल एवढी लेस फार महाग पडते, आणि त्या ते वापरणारही नाहीत, कपाटात ठेवतील.

आता मुंबईच्या हवेबद्दल. श्रीलंकेच्या किनाऱ्यासारखीच आपली हवा दमट आणि खारी आहे, त्यामुळे तिथले सुती कापड इथे परके होत नाही. आपला खरा शत्रू हळद. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, पण घाबरू नका. तो उन्हात उडतो. अडचण अशी की त्याच उन्हात गडद मोरपिशी रंगही विटतो. म्हणून ताटाखालच्या मॅट आणि नॅपकिन पांढरे किंवा मोहरीच्या रंगाचे घ्या, जे बिनधास्त गच्चीवर टाकता येतील, आणि रंगांची हौस रनरवर भागवा. जून ते सप्टेंबर ऊन नसते तेव्हा मी पांढरे काढतच नाही. पावसाळ्यापूर्वी सगळे धुऊन, खळ काढून, कडकडीत वाळवून ठेवा. खळीच्या कापडाला कसर पटकन लागते. आणि टेबलक्लॉथवर पारदर्शक प्लॅस्टिक घालण्याची आपल्याकडची पद्धत पावसाळ्यात तरी सोडा, कारण खाली अडकलेल्या दमटपणाने कापडावर काळे ठिपके पडतात आणि ते काही केल्या जात नाहीत.

सामानाच्या वजनाची काळजी करू नका. सहा मॅट, सहा नॅपकिन आणि एक रनर मिळून माझ्या पिशवीत दीड किलोच्या आत बसले होते. लेसची मात्र घडी घालू नका, कारण घडीच्या रेषेवर धागा आधी झिजतो. पातळ मलमलमध्ये धरून ती पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा. नळी इथूनच न्या. ताग्यातले कापड संपले की कोणताही कापडवाला ती फुकट देतो, आणि तिथे ऐनवेळी मागायला गेलात तर दुकानदार तिचेही पैसे लावतो.